ट्रायकोमोनास साखरेवर जगतो, मग आपण गोड सोडलं तर तो मरेल का?

डिचोली तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३६, दोन बाळंतपणं झालेली. नवरा शिपवर कामाला, सहा-सात महिन्यांनी सुट्टीवर घरी येतो. अंगावरून पिवळसर-हिरवट पाणी, खाज, लघवीला जळजळ. आरोग्य केंद्रात मिळालेल्या हिरव्या किटमधल्या गोळ्या घेतल्या आणि बरं वाटलं. मग नवरा सुट्टीवर आला आणि पंधरवड्यात सगळं परत सुरू. या वेळी लॅबच्या रिपोर्टवर ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस असं नाव आलं. ताईंनी नेटवर वाचलं की हा परजीवी साखर पचवणारी एन्झाइम बाहेर सोडतो आणि त्यावरच पोसतो. तेव्हापासून साखर, भात, फळं सगळं बंद. चवथीला घरात केलेल्या नेवऱ्यांनाही त्यांनी हात लावला नाही. जोडीला दही लावणं आणि माडाच्या व्हिनेगरच्या पाण्याने धुणं चालू आहे. सासूबाई मधुमेहासाठी व्होग्लिबोज घेतात. ती गोळी साखर पचवणारं एन्झाइम अडवते असं कळल्यावर त्यांचा शेवटचा प्रश्न: "ती मी घेतली तर हा उपाशी मरेल का?"

ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर आहे आणि उत्तर गोव्यात बरीच वर्षं लॅबमध्ये याच नमुन्यांवर काम करते. आधी थेट उत्तर देते: नाही मरणार. व्होग्लिबोज घेऊ नका, भात खायला लागा, व्हिनेगर आजपासून बंद करा. पण तुम्ही वाचलंय ते खोटं नाही. हा जीव खरोखर साखर पचवणारी एन्झाइम बाहेर सोडतो. फक्त तो जी साखर खातो ती तुमच्या ताटातून येत नाही. हे नीट कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं: उपास का फसला, दही का फसलं, आणि गोळ्या घेऊनही दुखणं परत का आलं. तुमचा खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. साखरेच्या नादात तो बाजूला पडलाय असं मला वाटतं.

योनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये ग्लायकोजन नावाचा साठा असतो. ग्लुकोजचे हजारो कण एकमेकांना जोडून, मधून मधून फांद्या फुटून हा मोठा रेणू बनतो. यकृतात आणि स्नायूंतही तोच असतो. योनीत तो किती साठवायचा हे मुख्यतः इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं हार्मोन ठरवतं. पाळी सुरू होण्याआधी मुलींमध्ये तो कमी असतो, पाळी गेल्यावर पुन्हा कमी होतो, आणि मधल्या वयात भरपूर असतो. अस्तराच्या वरच्या पेशी रोज झडतात, त्यांच्याबरोबर ग्लायकोजन बाहेर पडतं आणि तिथल्या सूक्ष्मजीवांचं अन्न बनतं. म्हणजे या अन्नाचा पुरवठा तुमचे हार्मोन करतात, तुमचा आहार नाही. तीन आठवडे भात सोडला म्हणून तो आटत नाही.

या अन्नाचे हक्काचे धनी म्हणजे लॅक्टोबॅसिलस जिवाणू. त्यांपैकी बऱ्याच जणांना अखंड ग्लायकोजन फोडणं जमत नाही. योनीतल्या स्रावात माणसाचंच अल्फा-अमायलेज असतं, लाळेत असतं त्याच जातीचं. भाताचा घास गिळायच्या आधी बराच वेळ चावत राहिलात तर तो गोड लागायला लागतो, ते याच एन्झाइममुळे. ते लांब साखळीच्या मध्येच घाव घालतं आणि तिचे लहान तुकडे करतं. दोन ग्लुकोजचा माल्टोज, तीनचा माल्टोट्रायोज, आणि फांद्यांचे काही तुकडे. लॅक्टोबॅसिलस हे तुकडे घेतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे निरोगी योनीचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असा आम्लधर्मी राहतो आणि बाकीच्या जंतूंना तिथे पाय रोवणं जड जातं.

ट्रायकोमोनास या पंगतीत घुसतो तो स्वतःची हत्यारं घेऊन. तो एकपेशीय प्राणी आहे, जिवाणूही नाही आणि बुरशीही नाही. लांबी साधारण १० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा शंभरावा भाग. पुढे चार चाबकासारखे केस, पाचवा अंगाला पडद्यासारखा चिकटलेला. पॅरिसमध्ये अल्फ्रेड दोने यांनी १८३६ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. २००७ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, वाचला गेला तेव्हा अंदाजे ६०,००० जनुकं निघाली. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं २०,०००च्या आसपास आहेत. या एवढ्या भांडारात साखरेचे बंध तोडणाऱ्या एन्झाइमांची मोठी फौज आहे.

त्यातली तीन-चार कामं समजली तरी पुरेत. एक, बीटा-अमायलेज. आपलं अल्फा-अमायलेज साखळीच्या मध्ये कापतं, हे टोकाकडून दोन-दोन ग्लुकोज कापत जातं आणि प्रत्येक वेळी एक माल्टोज सुटतो. रताळ्यात आणि मोड आलेल्या जवात हे एन्झाइम भरपूर असतं, माणसाच्या शरीरात मात्र बनतच नाही. दोन, ग्लुकोसिडेज जातीची एन्झाइम. ही ग्लायकोजनच्या टोकाकडून किंवा माल्टोजमधून एकेक ग्लुकोज सुटा करतात. महत्त्वाची गोष्ट अशी की हे फोडणं त्याच्या पेशीच्या बाहेर होतं. माल्टोज आत ओढून मग तो फोडत नाही. बाहेरच फोडतो आणि सुटलेला ग्लुकोज वाहक प्रथिनांमार्फत आत घेतो. तुम्ही वाचलेलं "एन्झाइम सोडतो" ते हेच.

याचा पुरावा आमच्या लॅबच्या कामातही सापडतो. ट्रायकोमोनास वाढवायचं नेहमीचं द्रावण लुई डायमंड यांनी १९५७ मध्ये मांडलं. त्यात प्रथिनांचा अर्क, यीस्टचा अर्क, रक्तद्रव्य आणि साखर म्हणून माल्टोज असतं. पीएच ६च्या आसपास. माल्टोज दिला की तो झकास वाढतो, कारण त्याला सवय त्याच साखरेची आहे. बाटली ३७ अंशांवर ठेवायची आणि रोज तळाचा एक थेंब काचेवर घेऊन बघायचा. नमुन्यात मोजकेच परजीवी असले तरी काही दिवसांत थेंबात ते वळवळताना दिसतात.

तिसरं काम साखर खाण्यापेक्षा जास्त त्रासाचं आहे. गर्भाशयाच्या मुखातून येणारा चिकट स्राव म्हणजे म्युसिन. हे एक प्रथिन असून त्याला साखरेच्या असंख्य लहान साखळ्या लोंबत असतात. अस्तराच्या पेशींवरही अशाच साखळ्यांचा थर असतो. हा थर आपली पहिली तटबंदी. ट्रायकोमोनासची सायलिडेज, ग्लुकोसॅमिनिडेज आणि त्यांची भावंडं या साखळ्यांची टोकं एकेक करून छाटतात. साखरेचं कवच गेलं की प्रथिन तोडणारी त्याची दुसरी एन्झाइम आतल्या प्रथिनावर तुटून पडतात आणि परजीवीला पेशीला चिकटायला जागा मिळते. जळजळ, लाली, गर्भाशयाच्या मुखावर दिसणारे बारीक लाल ठिपके, हे सगळं त्यानंतरचं. एचआयव्हीचा संसर्ग व्हायची शक्यता या आजारात वाढते, त्यामागेही ही फाटलेली तटबंदी आणि तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी हे मोठं कारण आहे.

लॅक्टोबॅसिलसवर तर तो दोन्ही बाजूंनी हल्ला करतो. त्यांच्या वाट्याचं ग्लायकोजन स्वतः फोडून खातो, आणि जिवाणूंनाही गिळतो. जिवाणूंची भिंत फोडणारी एन्झाइमसुद्धा त्याच्याकडे आहेत, आणि ती जनुकं त्याने कधीकाळी जिवाणूंकडूनच उचललेली आहेत. लॅक्टोबॅसिलस घटले की लॅक्टिक आम्ल घटतं, पीएच ५-६ वर चढतो, आणि तोच पीएच त्याला मानवतो. म्हणून दही लावून फायदा होत नाही. दह्यातले जिवाणू मुळात योनीत टिकणाऱ्या जातींचे नसतात, आणि टिकले तरी परजीवी तिथेच बसलेला असतो. चांगले जिवाणू परत यायला हवेत हे खरं, पण आधी परजीवी जायला हवा. क्रम उलटा करून भागत नाही.

व्हिनेगरबद्दल मला जरा कडक बोलायचंय, कारण याचे परिणाम मी टेबलावर बघते. आम्लात हा जगत नाही, म्हणून आम्ल ओतायचं, हा तर्क ऐकायला बरा वाटतो. पण ओतलेल्या आम्लाचा परिणाम थोडाच वेळ टिकतो, आणि परजीवी अस्तराच्या घड्यांत, मूत्रमार्गात, मूत्रमार्गाजवळच्या ग्रंथींत बसलेला असतो. तिथपर्यंत पाणी पोचत नाही. उलट आधीच सोललेल्या अस्तरावर व्हिनेगर पडतं, राहिलेसाहिले लॅक्टोबॅसिलस धुऊन जातात, आणि तपासणीच्या दिवशी धुऊन आलात तर आमच्या स्लाइडवर काहीच सापडत नाही. सुगंधी इंटिमेट वॉशचंही तेच. बाहेरून साधं पाणी पुरे.

आता "गोड बंद करा" हा सल्ला आला कुठून? तो कँडिडाच्या गोष्टीतून आलाय. कँडिडा ही बुरशी आहे. रक्तातली साखर ताब्यात नसलेल्या मधुमेही स्त्रियांमध्ये तिचा त्रास वारंवार होतो आणि तिथे साखर आटोक्यात आणणं हा उपचाराचा भाग असतो. दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा, वास नसलेला, भयंकर खाज सुटणारा स्राव असला की आम्ही कँडिडा बघतो, आणि तिथे पीएच सहसा नेहमीचाच राहतो. ट्रायकोमोनासमध्ये स्राव पातळ, पिवळा-हिरवा, कधी फेसाळ, आणि पीएच ४.५च्या वर. दोन्ही खाजवतात म्हणून लोक एकच पथ्य दोन्हीला लावतात. तुम्हाला मधुमेह असेल तर साखर जरूर तपासा, पण त्या कारणासाठी. शिवाय ग्लुकोज कमी पडला तर ट्रायकोमोनास अमिनो आम्लांवर, विशेषतः आर्जिनिनवर, काही काळ भागवतो. स्वतःच्या पेशीत ग्लायकोजनचा साठाही करून ठेवतो. उपासाने मरणारा जीव हा नव्हे.

सासूबाईंची गोळी. व्होग्लिबोज आणि अकार्बोज ही औषधं आतड्याच्या भिंतीवरचं अल्फा-ग्लुकोसिडेज अडवतात, म्हणजे जेवणानंतर साखर सावकाश चढते. ती आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलीच जात नाहीत. योनीपर्यंत पोचण्याचा प्रश्नच येत नाही. पोटात गॅस, गुरगुर आणि जुलाब मात्र नक्की होतील. या परजीवीची एन्झाइम अडवणारं औषध करता येईल का हा संशोधनाचा चांगला विषय आहे, विशेषतः बीटा-अमायलेज माणसात नसल्यामुळे. पण आज दुकानात मिळणारं असं कुठलंही औषध नाही.

मग आज मिळतं ते औषध काय करतं? मला या सगळ्यात सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया असतात, ते ट्रायकोमोनासच्या पेशीत नसतात. त्याऐवजी हायड्रोजेनोसोम नावाच्या पिशव्या असतात. तो आत घेतलेला ग्लुकोज पायरुव्हेटपर्यंत तोडतो, त्यातला काही भाग या पिशवीत जातो, आणि तिथे त्यातून इलेक्ट्रॉन निघून फेरेडॉक्सिन या प्रथिनावर चढतात. एरवी त्यांचा शेवट हायड्रोजन वायूत होतो. मेट्रोनिडाझोलची गोळी घेतली की औषध त्या पिशवीत शिरतं आणि तेच इलेक्ट्रॉन स्वतःवर ओढून घेतं. आतापर्यंत निरुपद्रवी असलेला रेणू तिथल्या तिथे विषारी होतो आणि परजीवीचा डीएनए व प्रथिनं मोडतो. माणसाच्या पेशींत इलेक्ट्रॉन देणारी अशी व्यवस्था नाही, म्हणून आपल्याला ते एवढं बाधत नाही. म्हणजे साखर जाळण्याची जी यंत्रणा त्याला पोसते, तिच्यातच औषध पेटतं. १९५९-६०च्या सुमारास हे औषध आलं आणि अजूनही मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, सेक्निडाझोल याच घराण्यावर आपला भरवसा आहे. तुमच्या हिरव्या किटमध्येही तेच होतं: सेक्निडाझोल २ ग्रॅम एकदाच, आणि बुरशीसाठी फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम. औषध चुकीचं नव्हतं.

मग परत का आलं? इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, आणि तुमच्या मजकुरावरून मी अंदाजच करू शकते. तीन शक्यता असतात. पहिली, औषधाला परजीवी दाद देत नाही. अशा जाती आहेत, पण मी त्यांचा विचार सर्वांत शेवटी करते. दुसरी, एका डोसात पुरता गेला नाही. मेट्रोनिडाझोलच्या बाबतीत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत एकच २ ग्रॅमचा डोस घेतलेल्या स्त्रियांपैकी १९ टक्के चार आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह निघाल्या. ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा ७ दिवसांचा कोर्स घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ११ टक्के होतं. म्हणून आता स्त्रियांसाठी बरेच डॉक्टर ७ दिवसांचा कोर्स पसंत करतात. तिसरी शक्यता, आणि तुम्ही सांगितलेला घटनाक्रम वाचून मला सर्वांत दाट वाटणारी: तुमच्या यजमानांना औषध मिळालंच नाही.

तुम्ही बऱ्या झालात, ते आले, पंधरवड्यात त्रास. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ५ ते २८ दिवस जातात, म्हणजे तारखा जुळतात. पुरुषांमध्ये हा परजीवी मूत्रमार्गात आणि प्रोस्टेटमध्ये राहतो. तिथे योनीसारखं ग्लायकोजनचं ताट वाढलेलं नसतं, प्रोस्टेटच्या स्रावातलं जस्त त्याला मारक असतं, त्यामुळे तो थोड्या संख्येने, गुपचूप असतो. बहुतेकांना काहीच होत नाही. "मला काही त्रास नाही, मी कशाला गोळी घेऊ" हे वाक्य म्हणूनच आमच्याकडे रोज ऐकू येतं. पण त्रास नसणं आणि परजीवी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवऱ्याला औषध न देता बायकोला तिसऱ्यांदा, चौथ्यांदा गोळ्या देत राहणं हा तिच्यावर अन्याय आहे. हे मी स्पष्ट लिहिते, कारण आपल्याकडे पांढरं पाणी ही बाईचीच भानगड समजली जाते आणि चिठ्ठीवर नाव एकटीचं येतं.

तुम्ही प्रश्नात लिहिलं नाहीत, पण शिपवर असलेल्या माणसाच्या घरात येणारी शंका मला कळते. त्याबद्दल एवढंच सांगते. हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार आहे, टॉयलेट सीटवरून किंवा मुलांच्या टॉवेलातून येतो असं मानायला आधार नाही. पण तो कधी आला हे कुठलीही लॅब सांगू शकत नाही. स्त्रीच्या शरीरात तो महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं लक्षणं न दाखवता राहू शकतो. आजचा रिपोर्ट म्हणजे गेल्या सुट्टीतला पुरावा नव्हे. कोणी कोणाला दिला हे शोधत बसलात तर गोळ्या लांबणीवर पडतील. दोघांनी एकाच आठवड्यात औषध घ्यायचं, आणि दोघांचा कोर्स संपून लक्षणं जाईपर्यंत संबंध टाळायचे. यजमान आता परत शिपवर गेले असतील तर त्यांनी पुढच्या बंदरावर किंवा शिपच्या डॉक्टरला सांगून औषध घ्यावं. तेही जमलं नाही तर सुट्टीवर आल्यावर पहिल्या दिवशी दोघं मिळून डॉक्टरकडे जा आणि तोवर कंडोम वापरा.

दारूचा मुद्दाही काढते, कारण गोव्यात पुरुषांचा कोर्स चुकतो तो बहुतेक इथेच. "या गोळीवर फेणी चालत नाही" असं ऐकून माणूस सुट्टी संपेपर्यंत गोळी पुढे ढकलतो. पूर्वी आम्ही सगळेच दारू पूर्ण वर्ज्य सांगायचो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत मेट्रोनिडाझोलसोबत दारू टाळण्याची सक्ती गरजेची नाही असं म्हटलंय. तरी तुमचे डॉक्टर टाळा म्हणाले तर त्यांचं ऐका. सात दिवस न प्यायल्याने कोणाचं नुकसान होत नाही. माझा आग्रह एवढाच की दारूपायी गोळी राहायला नको.

तपासणीबद्दल. स्लाइडवर ट्रायकोमोनास ओळखायचा तो त्याच्या हालचालीवरून. सलाइनच्या थेंबात पांढऱ्या पेशी स्थिर पडलेल्या असतात आणि त्यांच्याएवढाच एखादा जीव मध्येच झटके देत, अंग वळवत सरकतो. एकदा पाहिला की विसरत नाही. पण नमुना थंड पडला की तो गोल होतो, थांबतो, आणि मग पांढऱ्या पेशीत आणि त्याच्यात फरक करणं अवघड होतं. वाळपईला किंवा पेडण्याला घेतलेला स्वॅब दुपारच्या गाडीने म्हापशाला आला तर स्लाइडवर "दिसला नाही" असा रिपोर्ट जाण्याची बरीच शक्यता असते, आणि त्याचा अर्थ नाही असा होत नाही. नमुना घेतल्यावर १०-२० मिनिटांत बघितला तरी स्लाइडवर निम्मे ते दोन-तृतीयांश रुग्णच सापडतात. म्हणून शक्य असेल तर जिथे मायक्रोस्कोप आहे तिथेच जाऊन नमुना द्या, किंवा परजीवीचा डीएनए शोधणारी, पीसीआरवर आधारलेली तपासणी करून घ्या. तिला हालणाऱ्या परजीवीची गरज नसते. यजमानांसाठी तर स्लाइडच्या भरवशावर राहूच नये. तुमची पॉझिटिव्ह आली आहे, एवढ्यावर त्यांना औषध देणं योग्य आहे, त्यांच्या रिपोर्टची वाट बघायची गरज नाही.

औषधानंतर लगेच पीसीआर करू नका. मेलेल्या परजीवींचा डीएनए काही दिवस सापडत राहतो. कोर्स संपल्यावर किमान ३ आठवडे जाऊ द्या आणि ३ महिन्यांच्या आत एकदा तपासा. सोबत दोघांची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते, म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) गेलात तरी चालेल. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर पहिल्यांदा डॉक्टरांना तेच सांगा. या आजाराचा मुदतपूर्व प्रसूतीशी संबंध आढळला आहे, आणि औषध कोणतं द्यायचं हेही त्यावर ठरतं.

आणखी एक गोष्ट. कोर्स झाला, दोघांनी औषध घेतलं, तपासणी स्वच्छ आली, आणि तरी पाणी जातंय असं वाटलं तर पुन्हा याच परजीवीच्या मागे लागू नका. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला बार्देशातल्या हळदोणे भागात सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी झाली होती. त्यात सर्वांत जास्त आढळला तो बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडल्याने होणारा आजार; ट्रायकोमोनास त्यामानाने बराच कमी. आणि पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा ताण, चिंता, उदासी यांच्याशी जास्त घट्ट होतं. नवरा लांब, घर एकटीवर, वर हा आजार आणि तीन आठवडे अर्धपोटी राहणं, यात शरीर थकणारच. तेही डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोला.

तर आता तुमचा क्रम असा: व्हिनेगर, दही आणि पथ्य बंद. स्त्रीरोगतज्ज्ञांना रिपोर्ट दाखवून ७ दिवसांच्या कोर्सबद्दल विचारा, आणि आधी हिरवं किट घेतलं होतं हे तारखेसह सांगा. यजमानांची चिठ्ठी त्याच भेटीत मागून घ्या. दोघांनीही पूर्ण औषध घेतलं, मधे संबंध आला नाही, आणि तरीही ३ आठवड्यांनंतरच्या तपासणीत परजीवी सापडला, तर मात्र औषधाला दाद न देणाऱ्या जातीचा विचार करावा लागेल आणि डोस वाढवणं किंवा टिनिडाझोलचा लांब कोर्स देणं हे डॉक्टर ठरवतील. तशी वेळ आली तर रिपोर्टवरचा पीएच, गोळ्यांची नावं आणि तारखा इथे लिहा. पुढे कुठली तपासणी मागायची ते मी सांगेन.